नवीन गाणं गिटारवर बसवताना आधी काय: हात, गळा की पट्टी?

सूर_लागेना
नवीन गाणं गिटारवर वाजवत गायचं, तर कामाचा क्रम काय असावा? समजा सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर या कॉर्ड्स स्वच्छ वाजतात आणि वेळेवर बदलतातही. नुसतं वाजवलं तर ठेका चुकत नाही, नुसतं गायलं तर सूर चुकत नाही. दोन्ही एकत्र केलं की पहिल्या दोन ओळींतच उजवा हात शब्दांमागे धावायला लागतो. शब्द चार असले तर फटके चार, सहा असले तर सहा. इंटरनेटवर 'सावकाश सराव करा' याच्या पुढे कोणी जात नाही. सावकाश म्हणजे नेमकं काय, आणि कशानंतर काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ठोकाबहाद्दर
जितके शब्द तितके फटके, याचा अर्थ उजवा हात अजून आपोआप चालत नाही. नुसतं वाजवताना तो चुकत नाही, कारण तेव्हा सगळं लक्ष त्याच्यावरच असतं. तपासून बघा: गाण्याच्या कॉर्ड्स बदलत ठेका चालू ठेवायचा आणि समोर ठेवलेला कुठलाही मजकूर मोठ्याने वाचायचा. वाचताना हात अडखळला तर गायची घाई नको.

दुसरं, हात कधीच थांबवायचा नाही. सगळे वाजवतात तो ठेका 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर'. यात आठ जागा असतात: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. आकड्यावर हात खाली जातो, 'आणि'वर वर येतो, आणि हे आठही वेळा घडतं. फक्त 'एक'नंतरच्या 'आणि'ला आणि 'तीन'ला पिक (तारा छेडायची चकती) तारांना लागत नाही, हात तसाच रिकामा फिरतो. बहुतेकांचा हात या 'तीन'वर अडकतो. तिथे थांबलेला हात परत निघायला काहीतरी खूण शोधतो आणि गाताना ती खूण म्हणजे पुढचा शब्द. झाला घोटाळा.

तेव्हा क्रम असा: हात आधी, गळा नंतर.

मंद्रपंचम
ठोकाबहाद्दर, हाताबद्दल सगळं मान्य, क्रम अमान्य. सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे कुठला स्वर सा धरून गायचं, ते ठरवायचं. कॉर्डशीटवर (शब्दांच्या वर कॉर्ड्स लिहिलेल्या कागदावर) ज्या पट्टीत लिहिलंय त्यातच लोक आठवडाभर हात घासतात, मग गायला बसल्यावर कळतं की अंतरा गळ्यात बसत नाही. पट्टी बदलली की कॉर्डचे आकार बदलले, म्हणजे डाव्या हाताची मेहनत पाण्यात.

पट्टी काढायची रीत. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. बहुतेक गाण्यांत वरचा स्वर अंतऱ्याच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीत असतो, खालचा मुखड्यात. समजा गाणं मंद्र ध पासून तार रे पर्यंत जातं. म्हणजे सा च्या खाली ३ स्वरांतरं आणि वर १४, एकूण १७ (एक स्वरांतर म्हणजे गिटारच्या मानेवरचं एक घर, म्हणजेच एक फ्रेट). आता स्वतःचा आरामात लागणारा वरचा स्वर गिटारवर शोधा. पुरुषी आवाज धरून चालू आणि तो स्वर पहिली (सर्वांत बारीक) तार मोकळी, म्हणजे ई, असा धरू. तार रे जर ई, तर सा झाला डी, म्हणजे चौथी तार मोकळी. मंद्र ध आला बी, पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट. तो खालचा बी शब्दासकट ऐकू येतो का बघा. आला तर गाणं डी मध्ये बसवा. शीटवर जी लिहिलं असलं तरी.

कोमल_गांधार
मंद्रपंचम +१. यात एक भर. वरचा स्वर तपासताना पूर्ण आवाजात तपासा. घरात इतरांची झोप सांभाळून हळू आवाजात पट्टी ठरवली की ती हमखास दोन-तीन स्वर खाली ठरते. मग चारचौघांत गाताना मुखड्याचे खालचे स्वर गिटारखाली दबून जातात. शिवाय सकाळी उठल्या उठल्या आवाज खाली असतो, तेव्हा ठरवलेली पट्टी संध्याकाळी ढिली वाटते.

कॅपोवाला
माझ्या नावाला जागतो आणि तक्ता देतो. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, तो सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरतो; 'कॅपो १' म्हणजे पहिल्या फ्रेटवर. पेटीवर गाणारे लोक पट्टी काळी-पांढरीत सांगतात आणि गिटारवाला टकामका बघत राहतो. त्यांच्यासाठी:

काळी एक (सी शार्प): कॅपो १ वर सी चे आकार, किंवा ४ वर ए चे.
काळी दोन (डी शार्प): कॅपो १ वर डी, किंवा ३ वर सी.
काळी तीन (एफ शार्प): कॅपो २ वर ई, किंवा ४ वर डी.
काळी चार (जी शार्प): कॅपो १ वर जी, किंवा ४ वर ई.
काळी पाच (ए शार्प, म्हणजेच बी फ्लॅट): कॅपो १ वर ए, किंवा ३ वर जी.

पांढरी एक म्हणजे सी, तिथून डी, ई, एफ, जी, ए, बी अशा सात. त्यातली पांढरी चार, म्हणजे एफ, नकोशी वाटते. तिथे कॅपो ३ वर डी चे आकार किंवा ५ वर सी चे.

पिक_हरवलं
कॅपो म्हणजे बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड) न येणाऱ्यांची काठी. (दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

कॅपोवाला
घेतले. पाठीच्या दुखण्यापेक्षा काठी बरी.

मुद्द्याचं: कॅपो फक्त वर नेतो. सी मधलं गाणं उंच पडतंय म्हणून ए मध्ये आणायचं असेल, तर कॅपोने खाली जाता येत नाही. आकारच बदलायला लागतात: सरळ ए, किंवा जी चे आकार आणि कॅपो २. अर्धा किंवा एकच स्वर खाली हवा असेल तर सगळ्या तारा तेवढ्या उतरवा. तारा सैल झाल्याने बोटांनाही आराम. मात्र अगदी हलका, म्हणजे पहिली तार ०.०१० इंची असलेला संच पूर्ण स्वर उतरवला तर तारा फ्रेटवर खडखडू शकतात.

कॅपो फ्रेटच्या (इथे फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी कड) अगदी मागे लावा, फ्रेटवर चढवू नका, दोन फ्रेटच्या मधोमधही नको. मधोमध लावला तर तारा जास्त दाबल्या जाऊन चढ्या होतात, जाड तारा आधी. कॅपो लावल्यावर ट्यूनर पुन्हा एकदा बघायचाच.

सूर_लागेना
पट्टी आधी, हे डोक्यात आलं नव्हतं. पण कॉर्डशीटवर भरवसा कितपत ठेवायचा? एकाच गाण्याच्या चार शीट चार पट्ट्यांत सापडतात.

कानसेन
चार पट्ट्या हा दोष नाही, कोणी कॅपो धरून लिहितं, कोणी न धरता. कॉर्ड्सची नावं न बघता त्यांचे क्रमांक बघा, पट्टीच्या सा वरची कॉर्ड १ धरून. जी-ई मायनर-सी-डी आणि सी-ए मायनर-एफ-जी ही एकच गोष्ट आहे: १, ६ मायनर, ४, ५. चारही शीट आकड्यांत उतरवल्या की खरा मतभेद कुठे आहे ते दिसतं, आणि तेवढी जागाच कानाने तपासायची.

तपासायचं कसं? मूळ ध्वनिमुद्रण लावा आणि त्यातला बास ऐका. तोच स्वर पाचव्या-सहाव्या तारेवर शोधा. गती पाऊणपट केली तरी आजकाल पट्टी हलत नाही, त्यामुळे हे सोपं झालंय. बास सी वाजतोय आणि शीटवर ए मायनर लिहिलंय, तर शीट संशयास्पद. (कधीकधी ती उलटवलेली, म्हणजे मूळ स्वराऐवजी दुसराच स्वर तळाशी असलेली, कॉर्ड असते, पण आधी संशय घ्यावा.) मग मेजर की मायनर ते गाऊन बघा. नेहमीच्या चुका तीनच: मायनरच्या जागी त्याचा जोडीदार मेजर, म्हणजे ए मायनरऐवजी सी; अर्ध्या आवर्तनापुरती येणारी कॉर्ड गाळलेली; आणि अंतऱ्यात बदललेली कॉर्ड मुखड्यासारखीच लिहिलेली.

आणखी एक. जुन्या टेपवरून आलेली गाणी कधीकधी दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि गिटार गाण्याशी जुळत नाही. तिथे कान धरायचा, गिटार २०-३० सेंट (सेंट म्हणजे एका स्वरांतराचा शंभरावा भाग) वर-खाली करून मूळ गाण्याशी मिळवायची, तपासणी संपली की परत नेहमीवर आणायची.

ठुमरीवेडा
थोडं अवांतर, पण रागांवर आधारलेल्या चालींना १-४-५ चिकटवणाऱ्यांसाठी. सा म्हणजे सी धरा. यमनची छाया असेल तर चालीत तीव्र म, म्हणजे एफ शार्प आहे. त्या जागी एफ मेजर वाजवली की गाणाऱ्याच्या स्वराला ती सरळ टोचते. तिथे डी मेजर वाजवा, त्यात एफ शार्प आहेच. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल: तिथे सी मायनर, एफ मायनर, बी फ्लॅट मायनर आणि डी फ्लॅट. खमाजात कोमल नी वर गाणं रेंगाळलं तर बी फ्लॅट किंवा सी सेव्हन. एकदा आरोह-अवरोह लिहून काढला की निम्म्या कॉर्ड्स आपोआप बाद होतात.

पिक_हरवलं
भैरवी आली, आता धागा संपला समजायचं का?

बोलकी_तार
थांबा, मूळ प्रश्न बाजूला पडलाय. पट्टी ठरली, कॉर्ड्स पक्क्या झाल्या, हात आपोआप चालायला लागला. तरीही एकत्र केल्यावर गाडी घसरते, आणि ते बहुतेक वेळा एकाच जागी: ओळ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाही, समेच्या आधी सुरू होते.

उदाहरणापुरती बनवलेली ओळ घ्या: 'कधी वाट पाहता सांज झाली, आता दीप लावते रात आली'. चार मात्रांची चार आवर्तनं. 'कधी' हे आदल्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर, सम 'वाट'च्या 'वा'वर. तसंच 'आता' आधी, सम 'दीप'च्या 'दी'वर. कॉर्ड्स अशा: 'वा'वर जी, 'सां'वर ई मायनर, 'दी'वर सी, 'रा'वर डी. शीटवर मात्र बहुतेक ठिकाणी कॉर्ड ओळीच्या डोक्यावर, म्हणजे 'कधी'वर लिहिलेली असते. वाचणारा 'क'ला जी मारतो, एक मात्रा आधी. मग तो एकतर 'वा'वर थांबून राहतो किंवा पुढे एक मात्रा खातो.

म्हणून शीट स्वतःच्या हाताने पुन्हा लिहा. शब्दावर नको, अक्षरावर खूण करा. 'वा', 'सां', 'दी', 'रा' यांच्याभोवती गोल आणि वर कॉर्ड. मग पुढच्या पायऱ्या:

आधी प्रत्येक सम आली की एकच खाली फटका, कॉर्ड घुमू द्यायची आणि त्यावर शब्द नुसते बोलायचे. गायचं नाही, पण ज्या लयीत गाणार त्याच लयीत बोलायचं. गोल केलेलं अक्षर आणि फटका एकत्र पडतात का, एवढंच बघायचं. ते जमलं की बोलण्याऐवजी चाल, पण 'ना ना'वर. मग शब्दांसकट गायन, फटका अजून एकच. नंतर आवर्तनात चार फटके, सगळे खाली. सगळ्यात शेवटी पूर्ण ठेका. गाडी घसरली तर एकच पायरी मागे, थेट सुरुवातीला नाही.

सूर_लागेना
हे हवं होतं! वाचनखूण साठवली. यात लय किती ठेवायची?

ठोकाबहाद्दर
मूळ लय समजा मिनिटाला ९६ ठोके. निम्म्याला, ४८ ला, गाऊ नका. श्वास पुरत नाही, ओळ मधेच तुटते आणि तोडायचीच सवय लागते. हाताचा सराव ४८ ला चालेल. गाणं जोडताना ७० च्या आसपास घ्या आणि चार-चार ठोक्यांनी वर जा.

कॉर्ड बदलाचा हिशोबही करून घ्या. 'मिनिटाला ६० बदल झाल्याशिवाय गाऊ नका' असं काही लोक सांगतात, ते सरसकट खरं नाही. मिनिटाला ८० ठोके, चार मात्रांचं आवर्तन, म्हणजे मिनिटात २० आवर्तनं. आवर्तनाला एक कॉर्ड असेल तर २० बदल लागतात, दोन असतील तर ४०. लागतात त्याच्या दीडपट आले की हात मोकळा झाला, आता गळ्याकडे लक्ष द्या.

मंद्रपंचम
म्हणजे शेवटी 'आधी पट्टी, मग हात' हे मान्य झालं तर. :)

ठोकाबहाद्दर
पट्टीबद्दल लेखी मान्य. 'गळा आधी' म्हणाला असतात तर भांडलो असतो.

डावी_बाजू
कॉर्ड बदलाविषयी कोणी फार बोललं नाही. नवीन गाण्यातल्या प्रत्येक जोडीत कुठलं बोट जागेवर राहतं ते आधी बघा. सी वरून ए मायनरला फक्त अनामिका हलते, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर. ए मायनर वरून ई मेजर म्हणजे तोच आकार एकेक तार वर, जाड तारेकडे. जी वाजवताना दुसऱ्या आणि पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट अनामिका-करंगळीने धरला, तर सी ॲड नाइन आणि डी दोन्हींसाठी अनामिका दुसऱ्या तारेवरून उचलावीच लागत नाही. गाताना एक बोट जागेवर असणं म्हणजे मान खाली घालायची गरज नसणं. मान खाली घातली की हनुवटी गळ्यावर येते आणि वरचे स्वर दाबले जातात.

बदल उशिरा होत असेल तर आवर्तनाच्या शेवटच्या 'चार-आणि'वर बोटं उचला. त्या वरच्या फटक्याला तारा मोकळ्याच वाजू द्या. कानाला खटकत नाही आणि बोटांना अर्ध्या मात्रेची सवलत मिळते. कॅपो खूप वर असेल तरी चालतं, कारण मोकळ्या ताराही त्याच पट्टीत चढलेल्या असतात.

गुणगुण
आणि एफ? सगळं रामायण तिथेच अडतं. बाकी कॉर्ड्स ठीक, एफ आली की गाणं अर्धा सेकंद थांबतं.

डावी_बाजू
गाण्यापुरता इलाज: एफ मेजर सेव्हन. सी वरून तर्जनी दुसऱ्या तारेवर तशीच ठेवा. मधलं आणि अनामिका एकेक तार बारीक तारेकडे, फ्रेट तोच. सहावी-पाचवी तार वाजवायची नाही. बहुतेक गाण्यांत खपून जातं, फक्त मोकळ्या पहिल्या तारेचा ई गाण्यातल्या एफ ला घासत असेल तर तर्जनीने पहिल्या दोन तारा एकत्र दाबा.

पूर्ण बारसाठी तर्जनी सपाट नको, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कललेली हवी, फ्रेटला चिकटून. कोपर अंगाजवळ. दाब अंगठ्याच्या चिमटीतून काढू नका, हाताच्या वजनाने मागे ओढा. तरीही जमत नसेल तर हाच आकार पाचव्या फ्रेटवर करून बघा. तिथे सहज वाजतो आणि पहिल्यावर जीव जातो असं असेल, तर बोटं निर्दोष, नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या) खाचा उंच आहेत. कारागिराकडून खोल करून घ्या.

पिक_हरवलं
वरची काठीवाली टिप्पणी मागे घेतो. एफ असलेलं गाणं, कॅपो ५, आकार सी चे. जय कॅपो.

कानसेन
पिक_हरवलं, सावकाश. सी च्या पट्टीतल्या गाण्यात एफ असेल तर कॅपो ५ लावून सी चे आकार वाजवल्यावर गाणं एफ च्या पट्टीत जाईल, आणि त्यातही चौथी कॉर्ड परत एफ च्याच आकाराची! सी मध्येच ठेवून एफ टाळायची तर कॅपो ५ वर जी चे आकार. मग चौथी कॉर्ड सी च्या आकाराची येते.

पिक_हरवलं
काठी परत हातात घेतो आणि स्वतःलाच मारतो.

बोलकी_तार
ठेक्याबद्दल एक राहिलं. गाणं सहा मात्रांचं, म्हणजे दादऱ्याच्या अंगाचं असेल, तर वरचा आठ जागांचा ठेका लावू नका. तो केरव्याला बसतो. सहा मात्रांना 'खाली-खाली-वर, खाली-खाली-वर', जोर पहिल्या आणि थोडा चौथ्या फटक्यावर. कॉर्ड बहुतेक पहिल्या मात्रेवर बदलते, कधी चौथ्यावर. ओळखायला गाण्यावर टाळी द्या आणि दोन टाळ्यांच्या मधे 'एक-दोन-तीन' सहज म्हणता येतं की 'एक-दोन', ते बघा.

बोटांनी छेडत गाणार असाल तर अंगठ्याची तार पाठ करा: जी आणि ई ला सहावी, सी आणि ए मायनरला पाचवी, डी ला चौथी. गाताना चुकतो तो हाच अंगठा.

सूर_लागेना
सगळ्यांचे आभार. एक शेवटची अडचण: मुखडा आता जुळतो, पण अंतऱ्यावरून मुखड्यावर परत येताना लय पळते.

कोमल_गांधार
तिथे दोन गोष्टी असतात. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत स्वर चढे असतात, चढ्या स्वरात लय वाढते. आणि ताण संपवायच्या घाईत शेवटचं अक्षर लवकर सोडलं जातं, त्यामुळे मुखडा एक-दोन मात्रा आधीच उचलला जातो. शेवटचं अक्षर किती मात्रा धरायचं ते शीटवर आकड्यात लिहा आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे टिंब द्या. मग फक्त तो सांधा बसवा: अंतऱ्याची शेवटची दोन आवर्तनं आणि मुखड्याची पहिली दोन, गोल गोल, मेट्रोनोमवर.

ठोकाबहाद्दर
आणि ते फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना गाण्याकडे लक्ष देऊ नका, फक्त पाय ठोका. पायाला जिथे घाई करावी लागते, ती मात्रा शीटवर लाल करा.